भेगेवरची काच

बोरिवली पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी, 'सातेरी कृपा' नावाची तीन मजली सोसायटी आहे. सगळी घरं मालवणकडची. लालबाग-परळच्या खोल्या सोडून माणसं इथे आली, तेव्हा गिरण्या मागे राहिल्या, गावची देवी सातेरी मात्र बरोबर आली. तर या सोसायटीत पाण्यावरून भांडण होवो नाहीतर कुणाच्या लग्नाची बोलणी होवोत, एक वाक्य ठरलेलं. "आपला सुयोग आहे ना."

सुयोग म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या धुरीकाकूंचा एकुलता एक मुलगा. वकील. आणि साधासुधा नव्हे, आंतरराष्ट्रीय. तो स्वतः आता पवईला मोठ्या घरात राहायचा, पण आईच्या बाहेरच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या शेजारी, त्याचा फोटो होता. काळा कोट, गळ्याला पांढरा बँड, मान ताठ. काकू जेवायला बसायच्या त्याही त्या फोटोकडे तोंड करून.

आता खरं सांगायचं तर तो कोट त्याचा नव्हताच. सनद मिळाली त्या दिवशी ज्या स्टुडिओत फोटो काढला, त्या स्टुडिओवाल्याचा तो खुंटीवरचा कोट. खांद्यात जरा सैल होता, म्हणून मागून चिमटा लावला होता. फोटो झाला, कोट परत खुंटीवर गेला, आणि त्यानंतर सुयोगने काळा कोट कधी अंगाला लावला नाही. त्याच्या कामाला तो लागतच नव्हता.

त्याचं काम असं. मस्कतला एखादा बोगदा खणायचा ठरतो. पैसा एका देशाचा, कंत्राटदार दुसऱ्या देशाचा, नकाशे तिसऱ्याच देशातून आलेले. बोगद्यात पाणी लागलं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. मग हे भांडण कोर्टात जात नाही. तीन पंच नेमतात आणि सिंगापूरच्या नाहीतर लंडनच्या एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये, पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडून, आठवडा-आठवडा ऐकत बसतात. तिथे कुणी आवाज चढवत नाही. पुकारा करणारा शिपाई नाही, बाकावर घोरणारे पक्षकार नाहीत. चहाबरोबर बिस्किटं असतात.

या धंद्यातली माणसंही काही लहानपणापासून कायदा घोकून आलेली नसतात. सुयोगच्या अंधेरीच्या ऑफिसात एक बाई जहाजाच्या इंजिनरूममधून वकिलीत आलेली. एक गृहस्थ दुबईत काँक्रीटची मापं काढता काढता रात्रीचं कॉलेज करून वकील झालेले. सरळ कायद्याच्या कॉलेजातून आलेला एखादाच, आणि त्याला बाकीचे जरा खालच्याच पाटावर बसवायचे, कारण शटरिंग म्हणजे काय हे त्याला चित्र काढून सांगावं लागायचं. ऑफिसच्या वेबसाइटवर प्रत्येकाची ओळख छापलेली. सुयोगची सुरू व्हायची ती अशी: 'मूळचे स्थापत्य अभियंता. आखातात प्रत्यक्ष साइटवर अनेक वर्षांचा अनुभव.' पक्षकारांना हे फार आवडायचं. वकील चिखलातून चालत आलाय म्हटल्यावर माणसाचा विश्वास बसतो.

दोन गोष्टी मात्र त्या ओळखीत नव्हत्या. एक म्हणजे हा माणूस आयुष्यात एकदाही न्यायाधीशासमोर उभा राहिला नव्हता. आणि दुसरी, याला इंजिनियर केला तो जयाकाकीच्या मसाला कांडपाने.

जयाकाकी तळमजल्याला, मागच्या बाजूला. तिच्या दोन खोल्या, आणि त्यातली मागची खोली, कंपाऊंडच्या भिंतीला लागून असलेली, ती कांडपाची. मार्च उजाडला की तिच्या दारात बायकांची रांग लागायची, पिशव्या भरभरून मिरच्या घेऊन. यंत्राची धडधड सुरू झाली की खकाण्याने अख्खी सोसायटी शिंकायची, पण कुणाची तक्रार नाही, कारण प्रत्येकाच्या डब्यातला मसाला तिथलाच. ते तीन महिने चालले की काकीचं वर्ष निघायचं. सुयोगचे वडील अचानक गेले तेव्हा तिनेच धुरीकाकूंना हाताशी घेतलं. "घरात रडान काय होतला? चल, मिरच्यांचे देठ काढ," म्हणाली. त्या देठांवर मुलगा शिकला. पावसाळ्यात कांडप बंद असलं की तो अभ्यासाला त्याच खोलीत बसायचा. पुस्तकाच्या पानांना मिरचीचा वास लागायचा आणि कॉलेजात शेजारचा पोरगा शिंकायचा.

यंदा फेब्रुवारीत शेजारच्या प्लॉटवरचा जुना बंगला पडला आणि तिथे टॉवरचं काम निघालं. खाली गाड्यांसाठी दोन मजले तळघर. म्हणजे सातेरी कृपाच्या भिंतीला खेटून खोल खड्डा. खोदाई सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत काकीच्या मागच्या खोलीत, खिडकीच्या कोपऱ्यातून जमिनीपर्यंत, तिरकी भेग आली.

जयाकाकी काय चीज आहे हे त्या बिल्डरला कुणी सांगितलं नव्हतं. तिने घरातली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि जाऊन प्लॉटच्या फाटकात ठाण मांडलं. मागोमाग सोसायटीतल्या बायका आल्या, कुणी मेथी निवडायला घेऊन, कुणी नातवंड कडेवर घेऊन. मातीचा ट्रक बाहेर निघेना. पहिल्या दिवशी मुकादम शिव्या घालून गेला. दुसऱ्या दिवशी बिल्डरचा माणूस थंडा घेऊन आला. तिसऱ्या दिवशी स्वतः बिल्डर आला आणि हात जोडून म्हणाला, "मावशी, आधी तुमच्या भिंतीला आधार देतो, मगच पुढे खणतो. बोलू आपण." म्हणजे गाडी रुळावर येत होती, हे कुणालाही दिसत होतं.

पण सोसायटीचे सेक्रेटरी धोंडिराम गावडे यांना कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. म्हणाले, "एवढा वकील घरचा असताना आपण रस्त्यावर खुर्च्या टाकून काय बसलोय?" आणि त्यांनी सुयोगला फोन लावला.

रविवारी सुयोग आला. आधी त्याने भेग बघितली, आणि बघताना तो खरोखर इंजिनियर होता. काचेची एक अरुंद पट्टी मागवली आणि तिची दोन टोकं भेगेच्या दोन बाजूंना प्लास्टरने पक्की बसवली. "काकी, भिंत जराशी हलली तरी ही काच तडकेल. तडकली की मला फोन कर." बायका कौतुकाने बघत राहिल्या. धुरीकाकूंचा ऊर भरून आला.

मग गच्चीवर मीटिंग झाली आणि तिथे तो वकील झाला. म्हणाला, "आधी सगळ्यांनी फाटकातून उठा. असं बसणं म्हणजे आपणच त्यांचं काम अडवलं असा अर्थ होतो. उद्या उलट तेच भरपाई मागतील. रीतसर नोटीस देऊ. उत्तराला चार आठवडे देऊ. मग दोन्हीकडचे इंजिनियर एकत्र बसतील."

"अरे पण उठलंव तर ते खणतले मां?" जयाकाकी म्हणाली.

"नाही खणणार. नोटीस मिळाल्यावर कुणी खणत नाही, काकी."

हे तो मनापासून बोलला, हीच तर गोची. त्याच्या जगात तसंच होतं. कंत्राटात पहिलंच कलम असतं: आधी नोटीस, मग चार आठवडे थांबा, मग चर्चा. जो आधी आवाज चढवतो तो केस हरतो. पण बाबा रे, ते कंत्राट करणाऱ्या दोघांत. इथे कंत्राट होतं कुठे? ज्या माणसाने तुझ्याशी कागदाचा कपटाही केलेला नाही, त्याला तू कागदातली सवलत स्वतःहून काढून देतोस? एवढी साधी गोष्ट. ती फाटकातल्या बायकांना कळत होती, आणि सिंगापूरला जाणाऱ्याला कळली नाही.

धोंडिरामांनी विचारलं, "कोर्टातून स्टे नाही का मिळणार लगेच?"

खरं उत्तर अगदी सोपं होतं. 'मला कोर्टातलं काही येत नाही. दिंडोशीच्या कोर्टात रोज उभा राहणारा वकील उद्या सकाळी गाठा.' बस. एवढं बोलला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण समोर आई बसली होती, पदर सावरून, चारचौघींत मान उंच करून. त्याच्या तोंडून निघालं, "कोर्ट ही शेवटची पायरी असते."

जयाकाकीने त्याच्याकडे नीट बघितलं. "तू म्हणतंस तर उठतंय," म्हणाली, आणि संध्याकाळी खुर्ची घरात नेली.

नोटीस त्याने झकास लिहिली. त्यात एक वाक्य होतं की रहिवाशांचा बांधकामाला तत्त्वतः विरोध नाही, आणि दुसरं, की रहिवासी चार आठवडे थांबायला तयार आहेत. सभ्यपणा दाखवायला अशी वाक्यं घालायची त्याच्याकडे पद्धतच होती. खाली सही मात्र त्याची नाही. खासगी कामाला ऑफिसची परवानगी लागायची, आणि ज्या ऑफिसात बोगदे आणि बंदरं यांच्यावर बोलतात तिथे मसाल्याच्या कांडपाचं नाव काढायची त्याला लाज वाटली. सह्या धोंडिरामांनी आणि जयाकाकीने केल्या. बिल्डरचं उत्तरही तितकंच गोड आलं: आपले पत्र मिळाले, आमचे अभियंते तपासणी करतील, चार आठवड्यांत कळवू. सुयोगने ते वाचून आईला फोन केला. "बघ, आले की नाही लाइनीवर?" दुसऱ्या दिवसापासून प्लॉटवर एकाच्या जागी दोन पोकलेन आले.

पुढे तो सिंगापूरला गेला. तिकडे एका बंदराच्या धक्क्याच्या भिंतीवरून तंटा चालला होता आणि समोरच्या साक्षीदाराची उलटतपासणी सुरू होती. फोन खिशात मुका. जेवणाच्या सुट्टीत त्याने बघितलं तर जयाकाकीचे चार फोन येऊन गेलेले, आणि शेवटी कुणाकडून तरी लिहून घेतलेला मेसेज: 'काच फुटली. लवकर काय ते कर.'

आणि याने काय करावं? फोन करावा, धोंडिरामांना सांगावं की आत्ताच्या आत्ता वॉर्ड ऑफिसात जा, पोलीस चौकीत जा, काही नाही तर खुर्च्या घेऊन परत फाटकात बसा. यातलं काही नाही. त्याने उत्तर लिहिलं, 'फोटो पाठवा. तारीख दिसेल असा.'

तिने पाठवला. कुणीतरी सांगितलं म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर काढून भेगेशेजारी धरलं होतं. एका कोपऱ्यात तिचा अंगठा आला होता, मिरचीने कायमचा तांबूस झालेला. काचेचे सरळ दोन तुकडे. सुयोगने फोटो मोठा करून बघितला आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो हा, की पुरावा एक नंबर आहे. त्याला आनंद झाला. पुढे कित्येक दिवस त्याला छळलं ते याने. चूक कुणाच्याही हातून होते. पण बाई आपल्याला हाक मारत होती आणि आपल्याला आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंत गेली. काकी बाजारात गेली होती म्हणून वाचली. कंपाऊंड कोसळलं, त्याच्याबरोबर मागच्या खोलीची भिंत आणि निम्मी जमीन, आणि कांडपाचं यंत्र सरळ खड्ड्यात. हंगामासाठी भरून ठेवलेल्या मिरच्यांची पोती फुटून खाली लाल चिखल झाला.

सुयोग परत आला तेव्हा कुणी त्याला अवाक्षराने बोललं नाही. कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. धोंडिराम म्हणाले, "तुझा काय दोष? तो बिल्डरच नालायक." आईने त्याला आवडतात म्हणून बांगडे तळले. जयाकाकी पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिने त्याला "बस" म्हटलं आणि पाणी दिलं. तो चोरासारखा बसला आणि चोरासारखा उठला.

मग अनुपमा सावे नावाची तरुण वकील गाठली. दिंडोशीच्या कोर्टात रोज उभी राहणारी, भराभर बोलणारी, हातात कायम चार फायली. तिने दोन दिवसांत अर्ज तयार केला. मागणी एकच: खोली आत्ता बांधून द्या, बाईचा हंगाम जातोय. कागद चाळताना ती नोटिशीपाशी थांबली. "हे कुठल्या शहाण्याने लिहिलंय? आता ते याच्यावरच खेळणार." धोंडिराम खिडकीबाहेर बघायला लागले. सुयोग तिथेच बसला होता. तो चष्मा पुसत राहिला.

तारखेच्या दिवशी तोही गेला. साध्या शर्टात, सगळ्यात मागच्या बाकावर. आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या कोर्टात बसला होता आणि कुठे बसायचं हेसुद्धा त्याला शिपायाने सांगितलं. आवाज, घाम, वरती कुरकुरणारा पंखा. बिस्किटं नव्हती.

अनुपमा चांगली बोलली. पण बिल्डरचा वकील उठला आणि त्याने सावकाश, चवीने, ती दोन वाक्यं वाचली. रहिवाशांचा तत्त्वतः विरोध नाही. रहिवासी चार आठवडे थांबायला तयार आहेत. "साहेब, यांनीच आम्हाला वेळ दिला. आम्ही काम थांबवायला तयार होतो, हेच उठून गेले."

न्यायाधीशांनी कागद हातात घेतला. वयस्कर गृहस्थ, आवाज शांत. त्यांनी जयाकाकीला पुढे बोलावलं. "बाई, भिंतीला भेग पडलेली दिसत होती. तुम्ही तर फाटकात बसला होता. मग उठलात का? आणि हे असं कुणी लिहून दिलं तुम्हाला?"

मागच्या बाकावर सुयोग पुढे सरकून बसला. आता ती मागे वळेल, बोट दाखवेल. दाखवू दे, असंही त्याला वाटलं. आता उठायचं, म्हणायचं, साहेब, मी लिहिलं. पण उठला नाही. उद्या ऑफिसात कळेल, परवानगीचं निघेल, वेबसाइटवरची ओळख जाईल, असे सगळे हिशेब त्या एवढ्याशा वेळात त्याच्या डोक्यात मांडून झाले.

जयाकाकी मागे वळली नाही. "मीच लिहायला सांगितलं, साहेब," ती म्हणाली. "उन्हात बसून कंटाळा आला होता, म्हणून उठलो आम्ही. माझीच चूक."

अनुपमाने चमकून तिच्याकडे बघितलं. सुयोग बसून राहिला.

न्यायाधीशांनी पुढची खोदाई थांबवली, उरलेल्या भिंतीला आधार द्यायला सांगितलं. खोलीचं मात्र आत्ता काही होणार नाही म्हणाले. अर्जदारांनी स्वतःच लेखी मुभा दिली होती, तेव्हा ते साक्षीपुरावे होऊन ठरेल. म्हणजे कधी, हे तिथल्या पंख्यालाही माहीत होतं. वरातीमागून आलेल्या घोड्याला दुसरं काय मिळणार?

धोंडिराम आणि अनुपमा हुकमाच्या नकलेसाठी आत थांबले. काकी आणि सुयोग बाहेर कोर्टाच्या फाटकापाशी रिक्षाची वाट बघत उभे राहिले. तो म्हणाला, "काकी, मी उभं राहायला हवं होतं."

"होय," जयाकाकी म्हणाली. तिने ते त्याला टोचावं म्हणून म्हटलं नव्हतं. खरं होतं, म्हणून म्हणाली.

"मग तू माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेवन काय माझी खोली उभी ऱ्हवली असती?" तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुझी आवस त्या फोटोकडे बघून जेवता. तिका जेवंदे."

दोघं रिक्षात बसले. त्याला वाटत होतं, की हिने निदान एकदा तोंडात मारावी. ती बाहेर बघत होती. डेपोपाशी तिने रिक्षावाल्याला खड्डा चुकवायला सांगितलं.

धुरीकाकू खाली सोसायटीच्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी जयाकाकीलाही तिच्या घरी जाऊ दिलं नाही, आधी जेवून जा म्हणून ओढून वर नेलं. पानं वाढलेलीच होती. सुयोगचं पान नेहमीच्या जागी, फोटोच्या खाली. आमटीला रंग चढला होता, गेल्या हंगामातला मसाला. डब्याच्या तळाशी चमचाभर उरलाय, असं त्या बोलता बोलता म्हणाल्या, आणि मग जीभ चावली.

"काय झाला कोर्टात?" त्यांनी विचारलं. "बोललंस मां रे तू?"

सुयोगने तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं. खरंच म्हणायचं होतं. पण त्याच्या आधी जयाकाकी बोलली.

"तो बोललो की. बरो बोललो. जज्जसायब आयकतच ऱ्हवलो."

काकूंनी फोटोतल्या त्या उसन्या कोटाकडे बघितलं, मग मुलाकडे, आणि डोळ्याला पदर लावला. "बघलंय? मी सांगी होतंय तुका, जया. आपलो सुयोग असताना आपणाक कसली भीती?"

जयाकाकी "होय गो" म्हणाली आणि तिने तांबूस बोटांनी भात कालवायला घेतला. सुयोगने मान खाली घातली. आईने त्याच्या पानात आणखी एक डाव आमटी वाढली, आणि तो ती जेवला.